मोहोर शाबूत

“बोट लावू नका, लाख ओली आहे,” निरीक्षक म्हणाले आणि वीरप्पाने पुढे केलेला हात मागे घेतला.

मुरुम गावच्या बाजारपेठेतील त्याच्या छोट्या दुकानावर औषध खात्याची धाड पडून तासभर झाला होता. ‘हाडमोती चूर्ण’ या सांधेदुखीवरच्या औषधाच्या साऱ्या डब्या, घरातल्या चालू डबीसकट, पोत्यात गेल्या होत्या. चार डब्या तेवढ्या नमुन्यासाठी बाजूला काढल्या होत्या. त्या खाकी कागदात गुंडाळून, दोऱ्याने आवळून, त्यांवर लाखेची मोहोर उठवली जात होती. एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयाला, एक कंपनीला आणि कायद्याने चौथी दुकानदाराला.

“ही तुमच्या ताब्यात. निकाल लागेपर्यंत मोहोर शाबूत राहिली पाहिजे. फोडलीत तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होईल.”

“आन् आमच्या गुडघ्याचं काय?” रिकामी डबी घेऊन दारात उभी असलेली धुरपदाबाई म्हणाली. “साहेब, तुमी जरा खाली बसून उठून दावा बरं. उठताव की टुणकन! मग तुमाला काय कळतंय?”

सगळे हसले. निरीक्षकही हसले. पंचनाम्यात हसण्यासाठी रकाना नसल्यामुळे ते तेवढ्यावरच राहिले.

वीरप्पाने सही केली. छापील अक्षरावर त्याची निष्ठा होती. चाळीस वर्षे तो कोणतीही वस्तू हाती देण्यापूर्वी तिच्यावरचा मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवत आला होता. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे डोळे तोच होता. हाडमोतीच्या डबीवर छापले होते : ‘संपूर्ण वनस्पतिजन्य. कोणताही दुष्परिणाम नाही.’ ते त्याने साऱ्या पेठेला वाचून दाखवले होते, आणि सर्वांत आधी आपल्या बायकोला, महेश्वरीला. दोन वर्षे ती रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या चौरंगावर बसून एक चमचा चूर्ण गरम पाण्यातून घेत होती. तिला पाणी कढतच लागे. “निवलं की घशाला चिकटतंय वो,” म्हणायची. त्या चूर्णाच्या बळावर ती पुन्हा माळवदाचा जिना चढू लागली होती, आणि वर वाळत घातलेल्या पापडांवरून शेजारणींशी भांडूही लागली होती.

धाडीनंतर पाचव्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही.

“अंगात जीवच न्हाय वो. ती कपाटातली डबी काढा की. येकच चमचा.”

“सरकारची हाय ती.”

“सरकार काय रोज येऊन बघतंय व्हय? परत बांधून ठिवते मी. तुमच्यापरीस नीट.”

“सही केलोय मी.”

“माझ्याशी लगीन लागलं तवा कुटं सही केलताव?” ती क्षीण हसली. “तरी बेचाळीस वर्सं निभावलाव की.”

“सुम्म, गप पड जरा. उद्या दवाखान्यात जाऊ.”

कपाटाची किल्ली त्याच्या करदोड्याला होती. ती चाचपून तो दुकानात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, “यांना आधीपासून कसलं औषध चालू होतं? आठवून सांगा, महत्त्वाचं आहे.”

“काय न्हाय मॅडम. झाडपाल्याचं चूर्ण तेवढं.” आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पुढचे वाक्य त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडले, “कोणताही दुष्परिणाम नाही.”

बाईंनी कागदावर ‘काही नाही’ असे लिहिले. सलाईन लावले. महेश्वरी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मृत्यूचे कारण म्हणून अशक्तपणा आणि वय यांची नोंद झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खोटे होते ते फक्त डबीवर, आणि डबी कपाटात कुलूपबंद होती.

प्रयोगशाळेचा अहवाल एकोणीस महिन्यांनी आला. औषध ‘मिथ्याछाप’ ठरले : वर लिहिलेल्या वनस्पतींपैकी एकीचाही मागमूस नाही, आणि न लिहिलेले स्टेरॉइड मात्र भरपूर. पक्के बिल जपून ठेवलेले असल्यामुळे वीरप्पा आरोपी न होता साक्षीदार झाला. कंपनीच्या मालकाने छपाईतील अनवधानाबद्दल खेद व्यक्त केला. न्यायालयाने त्याला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद ठोठावली. ही कैद त्याने व्हरांड्यातील बाकावर मोबाईल पाहत भोगली. बाक एकच होता. दुसऱ्या टोकाला, मांडीवर डबी घेऊन, वीरप्पा बसला होता.

निरीक्षक बाहेर आले तसा तो उठला.

“साहेब, ह्ये स्टेरॉइड येकदम बंद केलं तर काय हुतंय?”

“सवय झालेली असेल तर एकदम बंद करायचंच नसतं. माणूस कोसळतो. डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात.”

“मग तवाच का न्हाय सांगितलाव?”

“अहवाल कुठं आला होता काका?” निरीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले. “तोवर कागदोपत्री ते चूर्णच होतं.”

वीरप्पाने मांडीवरून उचललेली डबी पुढे धरली. “ह्यात बी त्येच आसंल?”

“चारही एकाच खेपेतल्या. तेच असणार.”

कोर्टाच्या लिपिकाने डबी उजेडात फिरवून पाहिली आणि कागदावर खूण केली. “सील शाबूत. एवढं नीट कोणी ठेवत नाही हो, बहुतेकांची उंदीर खातात. न्या आता. आम्हाला नको.”

धुरपदाबाई त्याला बसस्टँडवर दिसली. धाडीनंतर तिने सीमेपलीकडच्या बाजारातून तेच चूर्ण चोरून आणवले होते. सरकारचे ऐकले नाही म्हणून ती अजून चालत होती. तोंड सुजल्यासारखे दिसत होते, तरी चालत होती. वीरप्पाने तिला नमस्कार केला आणि तो बसमध्ये चढला.

घरी येऊन त्याने स्टोव्ह पेटवला. पाणी तापेपर्यंत अडकित्त्याच्या टोकाने लाख फोडली. दोरा न तोडता गाठ सोडवली. डबीवरचा मजकूर सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या शब्दावर तो थांबला. मग तिच्या पेल्यात कढत पाणी ओतले, एक चमचा सपाट करून त्यात टाकला, ढवळला, आणि पेला चौरंगावर ठेवून तो समोर भिंतीला टेकून बसला.

बऱ्याच वेळाने त्याने बाहेरून पेल्याला बोट लावून पाहिले. पाणी निवले होते.

तो उठला, आणि दुसरे पाणी तापत ठेवले.