मार्टिन व्हेलचा हात

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. मांडीवर घेऊन लिहिण्यासाठी मला बनवले होते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या एका गावात घोड्यांची खोगिरे शिवणारे जोसाया राहत. आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी, हेस्टरसाठी, त्यांनी मला घडवले आणि माझ्या झाकणावर मऊ कातडे चढवले.

"घे पोरी. पण घरची कामं आटपून मग लिही हं!" ते म्हणाले होते.

हेस्टर कादंबऱ्या लिहू लागली. लंडनचा प्रकाशक म्हणाला, "बाईचं नाव दिसलं की लोक पुस्तक उघडायच्या आधीच हसतील." म्हणून पुस्तकावर 'मार्टिन व्हेल' असे पुरुषी नाव छापले गेले. वडिलांना तिने काहीच सांगितले नाही. बाईमाणसाने पुस्तके छापणे त्यांना निलाजरेपणाचे वाटे.

पुढे जोसायांची दृष्टी गेली. शेकोटीपाशी बसून हेस्टर त्यांना व्हेलची पुस्तके वाचून दाखवी. एका पुस्तकात खोगीरवाल्याची बायको बाळंतपणात जाते. तिथे म्हातारा ढसाढसा रडला.

"तुझी आई अशीच गेली गं. या माणसाला आपल्या घरातलं कसं कळलं?"

"कळलं असेल कुठून तरी, बाबा," हेस्टर म्हणाली आणि तिने पान उलटले.

त्या हिवाळ्यात जोसायांनी अंथरूण धरले. एके दुपारी ते पुटपुटले, "एकदा त्या व्हेलसाहेबांचा हात हातात घ्यायला मिळाला असता, तर सुखानं गेलो असतो."

हेस्टरने मला बाजूला ठेवले आणि त्यांचा हात धरला.

"बाबा, हाच तो हात. मीच मार्टिन व्हेल."

ते खोकत खोकत हसले. "वेडी गं माझी पोर! म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून केवढी थाप मारतेस!"

ते इतके दमले होते की, वाद घालायला तिचे मन धजेना.

"हो बाबा, थापच ती," ती म्हणाली आणि तिनेही हसून दाखवले.

त्याच आठवड्यात ते गेले. त्यानंतर हेस्टरने मला कधीच उघडले नाही. माझ्या आत ठेवलेल्या दौतीतली शाई वाळून गेली. तिच्या थडग्यावरही 'जोसायाची मुलगी' एवढेच कोरले गेले.

पुढे प्रकाशकाच्या जुन्या कागदांतून मार्टिन व्हेलचे खरे नाव उघड झाले. आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असते. लोक मला पाहायला लांबून येतात, तिथली माणसे मला हळुवार पुसतात. मित्रांनो, लाकूड जपणे सोपे असते. तुमच्या घरात कोणी मुलगी कोपऱ्यात बसून लिहीत असेल, तर आजच जवळ जा. काय लिहिलेस, ते विचारा. आणि ती जे सांगेल, ते खरे माना.