तापाची अक्षरे वाचताना

मित्रांनो, मी एक जुने, मोडके यंत्र आहे. विषाणूच्या जनुकांची अक्षरे वाचणे हे माझे काम होते. अक्षरे चारच; पण त्यांची रांग नीट लागली की विषाणूचे कूळ कळते.

मला तात्या चालवत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले ते तंत्रज्ञ. हात हलका, जीभ फटकळ. कुणी मला टेकून उभे राहिले की म्हणत, "सरक, ही तुझ्या सासऱ्याची भिंत नाही."

मग तो ताप आला. हिरड्यांतून रक्त यायचे आणि धडधाकट माणूस बघता बघता जायचा. ओळखीच्या तापांच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या निघाल्या. म्हणून डॉक्टरबाईंनी रुग्णांचे रक्त माझ्याकडे पाठवले. माझ्यापर्यंत येतो तो विषाणू रसायनात आधीच मारलेला असतो. पण बाहेर भलतीच अफवा उठली, की आतले यंत्रच रोग तयार करते.

भर दुपारी जमाव आला. दार बिजागरीसकट आत पडले. सर्वांत पुढे एक वेल्डर होता, हातात लोखंडी सळई. त्याची बायको त्याच सकाळी वॉर्डात वारली होती. तात्या माझ्यासमोर आडवे आले. सळई त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"तुझ्या बायकोचं रक्त यात आहे," तात्या म्हणाले. "तिला कशानं मारलं तेच वाचतोय."

वेल्डर थबकला. मागचे थांबले नाहीत. एक वीट तात्यांच्या कपाळावर बसली आणि ते माझ्यावर कोसळले. मग लाथा आणि दांडकी आम्हा दोघांवर एकदमच पडू लागली. त्यांचे रक्त माझ्या फटींतून आत झिरपले. वीज तुटेपर्यंत मी वाचत राहिलो.

तात्या वाचले नाहीत.

मी वाचलेले मात्र शेजारच्या खोलीतल्या संगणकात उतरले होते. अर्धेमुर्धेच, पण तेवढ्यावरून डॉक्टरबाईंनी कूळ ओळखले. हा विषाणू गोचिडीतून येत होता. गुरांवर औषध फवारले गेले, रानात जाणारे अंग झाकून जाऊ लागले आणि ताप ओसरला.

डॉक्टरबाई कोठडीत वेल्डरला भेटायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी सगळे परिचारिकेला सांगितले, तेव्हा मी कोपऱ्यात पडून ऐकत होतो. सरपणाला गेलेली असताना त्याच्या बायकोला गोचीड चावली होती. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तिला कुणी मारलं नाही?"

"तिला नाही," बाई म्हणाल्या. "तात्यांना मारलं."

आता मी अडगळीत आहे. माझ्या जागी नवे यंत्र आले. तात्यांच्या जागी यायला अजून कुणी धजत नाही. मित्रांनो, यंत्रांना जपा असे मी म्हणणार नाही. ती चालवणाऱ्या माणसांना जपा. भीती वाटली तर दारात येऊन विचारा. तात्या रागावले असते, पण त्यांनी तुम्हाला आत बोलावून सगळे दाखवले असते.