मिकाएलाचा होकार

सरकारचा वकील चाकांची बॅग ओढत कोर्टात आला. समोर सात वर्षांची मिकाएला खुर्चीत पाय लोंबकळत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. मागच्या बाकावरून तिच्या आजीची बहीण पेट्रोना त्या सूटबुटाकडे बघत होती. एवढ्याशा पोरीला देशाबाहेर हाकलायला एवढा थोरला बाप्या, वर गळ्यात टाय! लाज कशी ती नाही.

पूर्वी असं नव्हतं. ग्वातेमालाच्या डोंगरातून अमेरिकेत आलेली नात्यातली किती पोरं पेट्रोनाने ह्यूस्टनच्या याच इमारतीत आणली होती. तेव्हा सरकारच्या पैशावर मरिसोल नावाची वकीलबाई असायची. ती आधी पोरांबरोबर जमिनीवर फतकल मारायची, अंगावर काळी चादर ओढून न्यायाधीश व्हायची आणि दरडावायची, "काय गं, तू कोंबडी आहेस का?" पोरं मुकाट म्हणायची, "हो." मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणं हा त्या डोंगरात उद्धटपणाच. पोर "नाही!" असं ओरडेपर्यंत मरिसोल सोडायची नाही. काय हसायचे सगळे!

मग सरकारने पैसे बंद केले आणि मरिसोल गेली. पोरांना बरं वाटावं म्हणून भिंतीवर अस्वलाचं नवं चित्र मात्र लावलं.

पेट्रोनाने घरी तो खेळ खेळून पाहिला होता. मिकाएला तिलाही "हो, आजी"च म्हणाली, आणि पोर किती गुणाची म्हणून म्हातारीलाच बरं वाटलं होतं.

"बाळ, हे सगळं समजलं ना तुला?" कागद वाचून दाखवून न्यायाधीशाने गोड आवाजात विचारलं. दुभाष्याने ते मिकाएलाच्या डोंगरातल्या बोलीत सांगितलं.

"हो."

"वकील नाही, तरी पुढे जाऊ या?"

"हो."

"स्वतःहून तुझ्या देशात परत जायला तयार आहेस?"

मिकाएलाने मोठ्यांपुढे झुकवतात तशी मान झुकवली. "हो."

सरकारी वकिलाने पेनाचं टोपण काढलं.

"थांबा!" पेट्रोना उठली.

"बाई, खाली बसा. तुम्ही वकील नाही."

"तिला विचारा, कोंबडी आहेस का. त्यालाही हो म्हणेल. मग काय अंडी मागाल तिच्याकडे?"

दुभाष्याला खोकला आला. त्याने तरी सगळं सांगितलं.

"हो-नाहीचं सोडा," पेट्रोना म्हणाली. "इथे का आलीस ते विचारा. एवढं तरी जमेल ना साहेबांना?"

न्यायाधीशाचा गोडवा आटला, पण त्याने विचारलं. मिकाएला खुर्चीच्या कडेला सरकली.

"बाबाला ज्याने मारून टाकलं तो माणूस घरी आला होता," ती हळूच म्हणाली. "त्याने विचारलं, तू पाहिलंस ना? मी हो म्हटलं. मग आईने मला पाठवून दिलं."

दुभाष्याने ते सांगताना मान वर केली नाही. सरकारी वकिलाने मात्र पुढची फाईल चाळायला घेतली.

न्यायाधीश खाकरला. "आजचं उत्तर मी धरत नाही. पुढची तारीख देतो. तोवर तुम्ही हिच्यासाठी एक वकील शोधा."

"शोधा?" पेट्रोनाने पोरीचा हात धरला. "वकील काय हरवलाय, साहेब? इथे बसलेली होती चांगली. तुम्हीच हाकललीत."

न्यायाधीशाने दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने शब्द न् शब्द सांगितला. मग न्यायाधीशाने कारकुनाला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.