सर्कशीचा सिंह

प्राध्यापक कोरबात्स्की विद्यार्थ्यांच्या चित्रावर स्वतःच्या कुंचल्याने दुरुस्ती करत. आमच्या कलाशाळेत तो मान समजला जाई. छापील टाइपाला बंदी. प्रत्येक अक्षर हाताने काढायचं. पाचव्या वर्षापर्यंत सगळ्यांचे हात त्यांच्यासारखे होत. माझाही झाला, म्हणून मी त्यांचा सहायक झालो.

शेवटच्या वर्षाच्या बोग्ना सिएर्पोव्स्काच्या पदविकेला सरांची एक अट होती : आधी पोस्टर छापून आलं पाहिजे. म्हणून १९६३ च्या वसंतात तिने सर्कशीच्या पोस्टर-स्पर्धेत चित्र पाठवलं; पहिलं येईल ते छापलं जाणार होतं. सरांनीही पाठवलं. नियमाप्रमाणे चित्रावर फक्त खूण, नाव सीलबंद पाकिटात.

आम्ही चार परीक्षक, चौघेही सरांचेच जुने विद्यार्थी. हिरव्या अस्वलाचं चित्र पहिल्याच फेरीत बाद केलं. ‘‘सरांची नक्कल, तीही दमलेली,’’ अध्यक्षा द्रोझ्दोव्हाबाई म्हणाल्या. लांब जिभेच्या लाल सिंहाला एकमताने पहिलं बक्षीस. ‘‘हे सरांचंच. डोळे मिटून सांगते.’’

पाकिटं फोडली. सिंह बोग्नाचा निघाला, अस्वल सरांचं.

‘‘झालं! सर आता आपल्याला सोलून काढणार,’’ एकजण म्हणाला.

बाईंनी दोन्ही पाकिटांतल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. ‘‘एवढं काय त्यात? हात तर एकच आहे.’’

कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. बोग्ना आठवडाभर स्टुडिओच्या खिडकीपाशी तो सिंह रंगवत होती, हे मी रोज पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सिंह भिंतीवर लागला. सर बराच वेळ बघत राहिले. हे आपलं चित्र नाही, हे त्यांना कळल्याचं मला त्यांच्या ताठरलेल्या मानेवरून दिसलं.

‘‘हं,’’ ते म्हणाले, ‘‘घाईत केलं होतं. बरं उतरलंय.’’

‘‘सर, तो सिंह माझा आहे.’’ बोग्नाचा आवाज चढला नव्हता. ‘‘ती जीभ मी तीनदा पुसून पुन्हा काढलीय.’’

‘‘जीभ तुझी असेल, पोरी. बोलायला कुणी शिकवलं?’’

वर्ग हसला. अगदी मनापासून हसला, हे सगळ्यांत किळसवाणं होतं.

ती माझ्याकडे वळली. ‘‘तुम्ही सांगा ना. तुम्ही तर रोज बघत होता.’’

‘‘माझं लक्ष नव्हतं,’’ मी म्हणालो.

ती रंगांचा डबा उचलून निघून गेली. पुढे पदविकेच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

‘‘सही राहिलीय वाटतं,’’ ती जाताच सर म्हणाले आणि त्यांनी न बघता हात मागे केला. कुंचला काळ्या रंगात बुडवून मीच त्या हातात दिला.