मत्तनांचं उत्तर

ग्लायकोनने कैसराच्या पुतळ्यापुढे धूप टाकला तेव्हा मी लोकरीच्या वखारीत गाठोड्यांच्या मागे लपून बसलो होतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या लपण्यामुळे झालं.

मी सोतास. हेरापली शहराच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या आमच्या गावात एका लोकर-व्यापाऱ्याचा गुलाम होतो आणि त्याची लिहिण्याची कामं करत होतो. येशूला मानणाऱ्या आमच्या मंडळीत बाविसेक माणसं. बहुतेक रंगारी, विणकर, दोन-तीन विधवा. लिहिता-वाचता येणारा मी एकटा. त्यामुळे मत्तनांची पत्रं आली की मी वाचायचो आणि मंडळीचं काही कळवायचं असलं की मीच लिहायचो. मत्तन म्हणजे आमच्या गावात पहिल्यांदा येशूचं नाव घेऊन आलेला माणूस. ते यहूदी होते, तंबू शिवायचे, आणि आमच्यात दोन हिवाळे राहून पुढे गेले होते. त्या वर्षी ते इफिसच्या तुरुंगात होते.

त्या वसंतात गावच्या अधिकाऱ्यांनी आमच्यातल्या सहा जणांना चौकात बोलावलं, कैसराला देव मानून धूप टाका आणि येशूला शाप द्या म्हणून. कुणी नावं दिली ते कधी कळलं नाही. माझंही नाव होतं. मला वखारीतल्या हमालाने आधी सांगितलं, म्हणून मी गेलो नाही. ज्यांना नेलं त्यात मंजिष्ठेचा लाल रंग काढणारा ग्लायकोन होता आणि मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, अरिस्तोन यांची बायको अम्मिया होती. अम्मियाने धूप टाकायला नकार दिला. तिला फटके मारले, कोठडीत ठेवलं आणि सहाव्या दिवशी ती तिथेच गेली. साठीची बाई होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तिने स्वतःच्या हातची भाकर वाढली होती.

ग्लायकोननेही आधी नकारच दिला होता. मग शिपायांनी त्याच्या घरून तातियाला आणलं. त्याची एकुलती मुलगी, अकरा वर्षांची, आई नसलेली. अधिकाऱ्याने गुलामांच्या दलालाला चौकातच उभं केलं होतं. ग्लायकोनने चिमूटभर धूप टाकला, सांगितले ते शब्द म्हणून प्रभूला शाप दिला, आणि मुलीचा हात धरून घरी गेला.

पुढच्या रविवारी पहाटे तो नेहमीसारखा अरिस्तोनकाकांच्या घरी प्रार्थनेला आला. त्याने स्वतःच सांगितलं काय झालं ते, रडत, सगळ्यांसमोर. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मत्तनांना विचारू, ते सांगतील तसं करू, तोवर तू दारापाशी उभा राहा, प्रभूच्या नावाने मोडलेली भाकर घेऊ नकोस, असं ते म्हणाले. ग्लायकोनने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पत्र लिहायला बोलावलं. अम्मियाचं कपड्यांचं गाठोडं अजून कोपऱ्यात तसंच होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. अम्मिया कशी गेली ते त्यांनी दोन ओळींत सांगितलं. मग म्हणाले, ग्लायकोनने पुतळ्याला धूप दिला आणि प्रभूच्या नावाला शाप दिला, आता तो पुन्हा आमच्यात बसू पाहतो, त्याचं काय करावं ते कळवा.

मी बोरू उचलून धरला. "काका, पोरीचं लिहू ना?"

"काय पोरीचं?"

"तिला चौकात आणलं होतं ते. दलालाचं."

काकांनी कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझंही माणूस होतं रे तिथे. त्याने जे केलं ते लिही. का केलं ते देवाला ठाऊक आहे."

मी लिहायला हवं होतं. एका ओळीचं काम होतं, आणि काकांना वाचता येत नव्हतं. पण मी वखारीत लपलो होतो हे त्यांना माहीत होतं. त्या विषयावर ते मला एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांनी बोलू नये असं मला वाटत होतं. मी मेण ओतलं, त्यांनी अंगठी दाबली, आणि लोकरीच्या तांड्याबरोबर पत्र इफिसला गेलं.

उत्तर यायला चार महिने लागले. तेवढे सगळे रविवार ग्लायकोन दारापाशी उभा राहिला, तातियाला शेजारी घेऊन. रंगाऱ्यांच्या पंगतीत तो बळीचं मांस खात नसे, म्हणून त्याच्या धंदेबांधवांनी त्याला आधीच दूर केलं होतं. भावाच्या घरीही त्याचं जाणं-येणं नव्हतं. आम्ही सोडून त्याला दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

मत्तनांचं पत्र मी सगळ्यांसमोर फोडलं. अम्मियाबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं होतं. अरिस्तोनकाका भिंतीकडे तोंड करून बसले. मग ग्लायकोनबद्दलचा भाग आला. मी मनात पुढच्या ओळी वाचल्या आणि थांबलो.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचलं. ज्या हाताने मूर्तीला धूप दिला त्या हातात आपली भाकर देऊ नका. त्याच्याबरोबर जेवू नका, रस्त्यात भेटला तर त्याला नमस्कार करू नका. एक बाई मरेपर्यंत उभी राहिली आणि हा धडधाकट पुरुष वाकला. त्याचा न्याय प्रभू येऊन करील, तुम्ही करू नका, पण तोवर तो तुमचा नव्हे.

ग्लायकोन शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मग तातियाला घेऊन निघून गेला. मी त्याच्या मागे गेलो. गल्लीच्या टोकाला त्याने मला गाठू दिलं.

"तू लिहिलं होतंस का तातियाचं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग मत्तनांचा दोष नाही. त्यांना काय माहीत."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी आजच पुन्हा लिहितो, सगळं लिहितो. तो म्हणाला, "लिही. पण आता तू माझ्याशी बोलू नकोस. कुणी पाहिलं तर तुलाही बाहेर काढतील."

मी लिहिलं. चौक, दलाल, मुलगी, सगळं. माझ्या वखारीचंही लिहिलं. पुढच्या तांड्याबरोबर ते पाठवलं आणि वाट पाहत राहिलो.

त्या हिवाळ्यात ग्लायकोनला ताप भरला. थंड पाण्यात उभं राहून लोकर धुणाऱ्यांना होतो तसा, छातीत बसणारा. मी तातियाच्या हाती जव आणि मध पोचवत होतो, चोरून. आत जायला मात्र माझं पाऊल उचलत नव्हतं. एके सकाळी ती वखारीशी आली आणि म्हणाली, बाबा हलत नाहीत. तेव्हा मी गेलो. आम्ही दोघांनी त्याला अंघोळ घातली. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते, तो रंग काही निघाला नाही. घराण्याच्या थडग्यात भावाने जागा दिली नाही. मंडळीच्या जागेत त्याला ठेवता येत नव्हतं. नदीपलीकडे, जिथे वाटसरूंना पुरतात तिथे त्याला नेलं. खड्डा खणायला हमाल आला, तो आमच्यातला नव्हता.

माती टाकत होतो तेव्हा अरिस्तोनकाका आले. लांब, झाडापाशी थांबले. जवळ आले नाहीत, पण आम्ही निघेपर्यंत गेलेही नाहीत. परतताना माझ्याबरोबर चालले.

"तू पोरीचं लिहिलं असतंस," ते म्हणाले, "तर त्यांनी वेगळं उत्तर दिलं असतं का?"

"माहीत नाही, काका."

"मीच नको म्हटलं होतं."

"हो."

तातियाला तिची आत्या घेऊन गेली, जुन्या देवांना मानणारी. निरोप घ्यायला गेलो तर ती दारात आली आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "दादा, तुम्ही येत जाऊ नका." मी गेलो नाही.

वसंतात माझं दुसरं पत्र परत आलं. मेण जसंच्या तसं होतं. ते इफिसला पोचण्याआधीच मत्तनांचं मुंडकं उडवलं होतं.

एकदा माणूस असा मेला की त्याच्या अक्षराची किंमत वाढते. आसपासच्या मंडळ्यांनी निरोप पाठवले, मत्तनांचं जे काही असेल त्याच्या नकला द्या. आमच्याकडे तीन पत्रं होती. त्यातलं हे शेवटचं सगळ्यांना हवं होतं, अम्मियावरच्या मजकुरामुळे. नकला मीच केल्या, अकरा केल्या. प्रत्येक नकलेच्या कडेला बारीक अक्षरात एक ओळ घातली: या माणसाच्या मुलीला विकायला उभं केलं होतं, हे मत्तनांना कळवलं गेलं नव्हतं. तेवढंच मला सुचलं.

बारा वर्षांनी मालकाने मरताना मला मोकळं केलं. अरिस्तोनकाका तेव्हा हयात नव्हते. मी स्मुर्णाच्या बंदराला गेलो, धक्क्यावर लोकांची पत्रं लिहून पोट भरू लागलो, आणि तिथल्या मंडळीत जाऊ लागलो. तिथेही धरपकड होऊन गेली होती. एका रविवारी मंडळीच्या वडिलांनी दिओनास नावाच्या नावाड्याला पुढे बोलावलं. चाळिशीचा, खांदे पडलेला माणूस. त्याने धूप टाकला होता. वाचणाऱ्या तरुणाने गुंडाळी उघडली आणि वाचायला लागला. ज्या हाताने मूर्तीला धूप दिला त्या हातात आपली भाकर देऊ नका.

मी उठून पुढे गेलो आणि गुंडाळी पाहायला मागितली. अक्षर माझं नव्हतं. नकलेची नक्कल, तिची नक्कल. कड कोरी होती.

मी सांगितलं त्यांना. मूळ प्रश्न मी लिहिला होता, त्यात काय गाळलं, ते का गाळलं. चौक, दलाल, वखार. कुणी मला अडवलं नाही, सगळे नीट ऐकत होते. माझं झाल्यावर वडील सौम्यपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणता तसं असेलही. पण पत्रात ते नाही."

"मीच लिहिलं नाही म्हणून नाही."

"मत्तन रक्त सांडून गेले," ते म्हणाले. "त्यांचा शब्द आम्ही कुणाच्या आठवणीवर बदलायचा?"

मी त्यांना दिओनासला विचारायला सांगितलं, त्याने धूप का टाकला ते. त्यांनी विचारलं नाही. तरुणाने उरलेलं वाचून संपवलं. दिओनास मान खाली घालून बाहेर गेला. मी माझी भाकर उचलली आणि त्याच्या मागे गेलो.

तो धक्क्यावर पालथ्या होडीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. भाकर मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली. त्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून.

"तुम्हाला काढतील," तो म्हणाला.

"काढू देत."

त्याने भाकर घेतली, पण खाईना. मग आपण होऊन सांगू लागला. त्याचा म्हातारा बाप, आंधळा, त्याला कोठडीत टाकलं होतं. मी सगळं ऐकलं. पुढच्या आठवड्यात मंडळीतून मला निरोप आला की येऊ नये. आता दर रविवारी आम्ही दोघं होडीपाशी बसतो. परवा एक विणकरीण आली, तिनेही धूप टाकला होता. तिला कुणी सांगितलं होतं की इथे जेवायला मिळतं. दिओनासने तिला सरकून जागा दिली.