मैनोद्दीन मास्तरांचा आगीचा डोंगर

मित्रांनो, मी पृथ्वी आहे. सगळे समुद्र, सगळी वाळवंटं, सगळे राजे आणि त्यांच्या सगळ्या लढाया माझ्या पाठीवर आहेत. माझं वजन दीड किलो. अंबाल्याच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याचे दोन अर्धे डिंकाने जोडून मला बनवलं. कागद चिकटवणाऱ्याला जेवायची घाई होती, त्यामुळे श्रीलंका थोडी भारतावर चढलेली आहे. थोडक्यात सांगायचं, तर मी एक जुना पृथ्वीगोल आहे.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरहून तासभर पायी चाललं की जे गाव लागतं, तिथल्या शाळेत मी आलो. भूगोल शिकवायला मैनोद्दीन मास्तर होते. मला उचलण्याआधी ते हात धुवायचे. ज्वालामुखीचा धडा आला की मातीचा डोंगर करायचे आणि त्याच्या तोंडात ओला पाला पेटवून धूर काढायचे. मुलं टाळ्या वाजवायची. मास्तर मात्र तो धूर विरेपर्यंत उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसे बघत राहायचे. तीस वर्षं त्यांनी ज्वालामुखी शिकवला, आणि पाहिलेला एकही नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात घरं जळत होती, तेव्हा एक दगड खिडकीतून वर्गात आला. तो कोणत्या बाजूचा, ते दगडावर लिहिलेलं नव्हतं. मला पॅसिफिक महासागरात पोचा पडला. तिथे पाणीच असल्यामुळे जीवितहानी झाली नाही. शाळेबाहेर तसं म्हणता येत नव्हतं. पुढे शाळेने मला निकामी ठरवलं. मास्तर त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांची बायको आधीच गेलेली होती. शिपाई सटवाजीने मला त्यांच्या घरी नेऊन पोचवलं. एका घरात दोन निकामी.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला काळ तो हाच. मास्तरांनी माझ्यावर एक बेट शोधलं. मादागास्करच्या उजव्या अंगाला, तिळाएवढं. रियुनियन. तिथला डोंगर अजून पेटतो. मास्तरांनी एकट्याने एक आठवडा तिथे जायचं ठरवलं. परभणीच्या एका गुजराती मुसलमान कापडवाल्याचे दूरचे सोयरे त्या बेटावर दुकान चालवत होते. त्यांना पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: शहरात मशीद आहे, हलाल गोश्त मिळतं, पण डोंगराकडच्या खानावळीत जेवू नका, तव्यावर कशाची चरबी असेल सांगता येत नाही. मास्तरांनी वही काढून एकेका दिवसाचा बेत लिहिला. डोंगरावर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खाली मासे. अंडी स्वतःच्या पातेलीत उकडायची. मग बेटापासून मक्केपर्यंत त्यांनी माझ्यावर दोरा ताणला. आमच्या गावात नमाजेला तोंड पश्चिमेला. तिथे ते उत्तरेला, जरासं पश्चिमेकडे कललेलं. मास्तर बराच वेळ तो दोरा धरून बसले होते. माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस पाटील घरी आले आणि गावाला कळलं. आमच्या भागात मुसलमान माणसाने पासपोर्ट काढला की तो हजलाच निघाला, याबद्दल हिंदूंना शंका नसते आणि मुसलमानांना तर नसतेच. लोक हार घेऊन येऊ लागले. काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणून गळ्यात पडू लागले. ज्याने बांध कोरला होता तोही माफी मागून गेला, बांध मात्र तसाच राहिला. धुरपताबाई आली. तिची लेक दर साली उसाच्या तोडीला जायची आणि तिला मूल राहत नव्हतं.

"मास्तर, तिथं आमच्या लेकीसाठी दोन शब्द टाका."

"बाई, मी तिकडं न्हाई चाललो. आगीचा डोंगर बघायला चाललो."

धुरपताबाईने जरा विचार केला. "मंग त्याच्यापाशी टाका," म्हणाली.

गावात तेवढी एकटीच समजूतदार निघाली. खरं कळल्यावर बाकीच्यांनी हार परत नेले. मग मानवतहून मास्तरांची थोरली बहीण रहेमतबी आली. तिने चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाली, "हज बाकी हाय तुझा. अन् दोजखाच्या आगीचा नमुना बघायला चालला?"

 मास्तर स्वतःही तेच म्हणत होते, फक्त मनात. वही ट्रंकेत गेली. आधी हज, मग डोंगर. हजचा अर्ज केला. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या वर्षी लागला तेव्हा परभणीच्या डॉक्टरने छातीला नळी लावून सांगितलं की जवळच्या सेलूला एसटीनेसुद्धा जायचं नाही. तेव्हा मास्तरांच्या नावाने हज करायला भाचा गेला. असं करता येतं, त्याला हज-ए-बदल म्हणतात.

भाचा निघून गेल्यावर मास्तरांनी ट्रंकेतून वही काढायला सांगितली. रोज दुपारी सटवाजी यायचा, मला खाटेवर ठेवायचा, आणि मास्तर त्या दिवसाचं पान वाचायचे. रविवार, बेटावर उतरणे. सोमवार, बाजार, मासे. आठवडा संपला की पुन्हा रविवारपासून. सटवाजीने विचारलं, मग नमाजेला खाट उत्तरेकडं फिरवू का. मास्तर नको म्हणाले. तेवढं खोटं चालत नाही.

बुधवारी वहीत आराम असायचा. एका बुधवारी सटवाजी म्हणाला, "तुमीच शिकवलं ना मास्तर, आपल्या खालचा काळा पत्थर बी त्याच आगीतून आला म्हणून. मंग बघितल्यासारखंच की."

"तो मेलेला हाय, सटवाजी. मला जिता बघायचा व्हता."

मग वही मिटून म्हणाले, "हजला बदली मानूस धाडता येतो. डोंगराला न्हाई."

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, मास्तर गेले. वहीत शुक्रवारी शहरातल्या मशिदीत जुम्म्याची नमाज लिहिली होती. गावातल्या मशिदीत जुम्मा झाल्यावर त्यांना नेलं. दोन हात माती काढली की काळा पत्थर लागला. पहारीने फोडावा लागला. सटवाजीही पहार मारत होता.

शनिवारचं पान डोंगराचं होतं. सटवाजीला वाचता येत नव्हतं, पण ते पान त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की पाठ होतं. उजाडताच तो मास्तरांच्या घरी आला, फडक्यात भाकरी-चटणी बांधून. मला मांडीवर घेतलं, बेटाच्या तिळावर बोट ठेवलं आणि अंगणात बसला. वहीत तीन तास चढ होता. त्याने तीन तास बोट हलवलं नाही. मयतीला आलेली रहेमतबी दारात आली.

"काय करायलास रे?"

"चढायलोय, आपा."

 ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला.

रविवारी मला काखेत घेऊन तो कबरस्तानात गेला. ओल्या मातीपाशी उकिडवा बसला. "बघून आलो, मास्तर," म्हणाला. "जिता हाय. लय धूर हाय."

सटवाजीलाही जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्या सुनेने मला शाळेला परत केलं. यंदा विद्यापीठाचं नाव बदललं, जगातले देशही बदलले, माझ्यावर मात्र जुनंच छापलेलं आहे, म्हणून शिकवायला मला कोणी घेत नाही. माझा लोखंडी स्टँड पाण्याच्या माठाला दिला आहे आणि मी फरशीवर असतो. दार उघडलं की गडगडत कोपऱ्यात जातो.

मित्रांनो, पृथ्वीची काळजी घ्या असं तुम्हाला भाषणात सांगतात. ते तुमचं तुम्ही बघा. माझं म्हणणं एवढंच, की कोणाच्या घरी माठाखाली ठेवतात तशी फाटकी चुंबळ पडलेली असेल तर माझ्या बुडाखाली आणून ठेवा.