मांडवाच्या कापडाचं शीड

शेंडीच्या धक्क्यावर मी चार वाजल्यापासून बसलो होतो. भंडारदऱ्याच्या पाण्यावर सूर्यास्त बघायचा तर बोट वेळेत निघायला हवी, आणि चार माणसं झाल्याशिवाय ती निघणार नाही, असं बन्सीनं आल्याआल्या सांगितलं होतं. बन्सी बोटवाला. बोलताना तो माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

"आजून तिगं बघा, बाबा. येकट्याला घिऊन जात न्हाई आमी."

तिघं बघायची म्हणजे अनोळखी माणसांना विचारायचं. धक्क्यावर माणसं होती. एक कुटुंब भेळ खात होतं, कॉलेजची पोरं एकमेकांना पाण्यात ढकलायची भीती घालत होती. मी दोनदा उठलो. 'आपल्याला बोटीतून यायचं आहे का' हे वाक्य मनात म्हणून पाहिलं, तर ते काहीतरी विकायला आलेल्या माणसाचं वाटलं. मी पुन्हा बसलो आणि पिशवीतलं पुस्तक काढलं. एवढ्या वेळात पान उलटल्याचं मला आठवत नाही.

खरं तर आम्ही दोघं येणार होतो. माझी बायको इंदू पुण्याहून आणि मी केडगावहून. हे असं दोन दिशांनी येणं का, तर अर्णव, आमचा नातू, झाला तेव्हा इंदू सहा महिन्यांसाठी मुलीकडे, निवेदिताकडे, गेली. अर्णव आता दुसरीत आहे.

मीही तिथे राहून पाहिलं. हॉलमधल्या दिवाणावर मी झोपायचो, इंदू आतल्या खोलीत नातवाजवळ. सकाळी डबे, कुकर, शाळेची गाडी. संध्याकाळी टीव्ही. कुणी मला काही बोललं नाही. पण मी जिथे खुर्ची टाकून बसेन, नेमकं तिथूनच कुणाला तरी जायचं असे. शेवटी 'वाचनालयाचं काम अडलंय' असं सांगून मी केडगावला परत आलो. वाचनालयाचं काम माझ्यावाचून कधीही अडलेलं नाही.

इंदूला मला एकच गोष्ट विचारायची होती, तू घरी परत येशील का. ती फोनवर विचारता येत नाही. फोनवर इंदू भाजी निवडत असते. मी प्रस्तावना करेपर्यंत ती "थांबा हं, अर्णव बोलावतोय" म्हणते, आणि परत येते तेव्हा आम्ही माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलतो. म्हणून मी बोट निवडली. बोटीत कुकरची शिट्टी होत नाही आणि माणसाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. तिलाही नाही आणि मलाही नाही. लॉजवर दोघांची खोली घेतली, आणि बोटीत पुढच्या टोकाला दोघांपुरती फळी असते, हेही विचारून ठेवलं होतं.

सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी अकोले गावच्या स्टँडवर होतो.

"अहो, अर्णवला ताप आहे. निवेदिताला सुट्टी नाही. मला नाही यायला जमणार."

"बरं."

"तुम्ही जाऊन या. खोली घेतलीय ना. आणि मफलर काढा पिशवीतून, नुसता नेऊ नका."

मी परत फिरायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेंडीची जीप भरली होती, एकच जागा उरली होती, आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघत थांबला होता. मला त्याला नाही म्हणता आलं नाही.

पाच वाजत आले तेव्हा धक्क्यावर एक पांढरी बोलेरो येऊन थांबली. टपावर दोन लांब बांबू आणि कापडाचं मोठं गाठोडं बांधलेलं. आतून निळा, पायघोळ झगा घातलेली एक मुलगी उतरली, तिच्यामागून पांढरा शर्ट आणि गोल हॅट घातलेला मुलगा. शेवटी गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक फोटोग्राफर, तो आधी सूर्याकडे बघून आणि मग घड्याळाकडे बघून चिडला.

लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली ही मंडळी राहुरीकडची होती. मुलगी निकिता, मुलगा अमृत, फोटोग्राफर करण. बोट त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. म्हणजे मला जागा नव्हतीच. बन्सीनं ते मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी वाक्य जुळवण्यात गुंतलो असेन. मी पुस्तक पिशवीत ठेवलं.

पण बांबू बोटीत चढवताना त्यांची अडचण झाली. एक बांबू उभा रोवायचा, दुसरा त्यावर आडवा, आणि त्यावर पांढरं कापड. शिडाचं जहाज. उभा बांबू धरायला जो माणूस आणायचा होता तो आलाच नव्हता.

"त्याला आजच कशी काय हळद लागली?" करण म्हणाला.

"त्याला नाही, त्याच्या भावाला," अमृत म्हणाला.

बन्सीनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "हे बाबा हायेत की. दुपारपासनं बसलेत. धरत्याल बांबू."

करणनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, जमेल? फक्त एक आहे, फ्रेममध्ये यायचं नाही. शिडाच्या पलीकडं बसायचं, एकदम पुढच्या टोकाला."

मी हो म्हणालो. फ्रेममध्ये न येणं मला जमलं असतं.

बांबू बांधून होईपर्यंत निकिता माझ्याशेजारी उभी होती. झगा चिखलाला लागू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता.

"आम्हाला खरं मालवणला जायचं होतं, आजोबा. तिथं शिडाच्या बोटीतून नेतात, सूर्य मावळताना. पण पप्पा म्हणाले, लग्नाआधी मुक्काम करायचा नाही. मग करण म्हणाला, समुद्र इकडंच आणू."

"आणि कापड?" मी विचारलं.

"मांडववाल्याचं. त्याला अजून माहीत नाही." ती हसली. "तुम्ही एकटेच आलात? आजी?"

"ती पुण्याला असते. नातवाला बरं नाही आज."

"मग उद्या येतील?"

"नाही. ती तिथेच असते."

तिनं पुढं काही विचारलं नाही. इतक्या तरुण मुलीला असं कुठे थांबायचं ते कळतं, याचं मला नवल वाटलं.

निघताना बन्सीनं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिली. करणनं कपाळाला हात लावला. "हे घालून कसले रोमँटिक फोटो येणार?"

"बुडाल्यावं कसले येत्याल?" बन्सी म्हणाला आणि जॅकेट घातल्याशिवाय इंजिन चालू करीना. शेवटी निकितानं वरून ओढणी घेतली आणि अमृतनं कोट चढवला. दोघंही एकदम लठ्ठ दिसायला लागली.

मी पुढच्या टोकाला त्या फळीवर बसलो, दोघांपुरत्या फळीवर. पाठीशी बांबू, बांबूला कापड, आणि कापडापलीकडे ती सगळी. माझ्यापुढे काहीच नव्हतं. पाणी होतं, त्यापलीकडे रतनगडाचा डोंगर आणि त्याच्या खांद्याच्या जरा वर सूर्य. बोटीतली सगळ्यात चांगली जागा मला मिळाली होती आणि ती मिळाली होती मी दिसू नये म्हणून. हे इंदूला सांगितलं असतं तर ती हसली असती. मी डावीकडे सरकून बसलो होतो, हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. उजवीकडे अर्धी फळी रिकामी होती.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर करणनं इंजिन बंद करायला लावलं, कारण व्हिडिओत आवाज येत होता. एकदम शांत झालं. मी नेवाशाचा, प्रवरेकाठी वाढलो, आणि हे धरण तिच्यावरच आहे. आमच्याकडे येईपर्यंत ही नदी दमलेली असते. इथे हेच पाणी इतकं खोल आणि काळं होतं की माझी त्याच्याशी ओळख आहे असं म्हणायचा मला धीर होईना.

करण कॅमेऱ्याचं भिंग बदलत होता. तेवढ्यात कापडापलीकडून निकिताचा आवाज आला, हळू, पण मला स्पष्ट ऐकू येईल असा. मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. खोकून सांगावं असं मला वाटलं, पण खोकायची योग्य वेळ निघून गेली.

"अमृत, मी लग्नानंतर गावाकडं राहणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चाकणला येणार. तुझ्यासोबत."

"अगं, ठरलंय ना आपलं. वर्षभर आईजवळ. माझ्या रूमवर तीन पोरं राहतात, तुला माहिती आहे."

"ती पोरं दुसरी रूम बघतील. त्यांची काय लग्नं झालीत का माझ्याशी?"

"आई काय म्हणेल?"

"आईंना नंतर विचारू. मी आधी तुला विचारतेय. मी तिथं आलेली तुला हवी आहे का?"

मी बांबू घट्ट धरून बसलो. अमृतच्या उत्तराशी माझा काही संबंध नव्हता, तरी मी कापडाकडे कान वळवला होता.

"हवी आहेस की," तो शेवटी म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

"विचारल्याशिवाय कळत नाही. तू कुठं बोलतोस?"

मी इंदूसाठी वाक्य तयार करून आणलं होतं. त्यात निवेदिताची अडचण होणार नसेल तर, असं होतं. अर्णवची शाळा, तुझे गुडघे, केडगावातला पाण्याचा प्रश्न, सगळं होतं. ती मला हवी आहे, एवढंच त्यात नव्हतं. ते मी धरून चाललो होतो, आणि तीही धरून चालली असेल असं मानत होतो.

सूर्य डोंगराला टेकला आणि तेव्हाच मागून, धरणाच्या बाजूनं, वारा आला. थंड आणि सलग. कापड आधी फडफडलं, मग पोट पुढे काढून माझ्या पाठीवर आलं. बांबू हातातून निसटायला लागला म्हणून मी उभा राहिलो आणि त्याला मिठी मारली.

बोट चालायला लागली. इंजिन बंदच होतं.

"आरं तिच्या," बन्सी म्हणाला. "चालली की. बाबा, सोडू नका."

"सोडत नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.

पाणी दोन्ही बाजूंनी कापल्यासारखं मागे जात होतं. मांडवाच्या कापडाचं खोटं शीड आणि मी, आम्ही दोघं मिळून ती बोट रतनगडाकडे ओढत होतो. मी उजवीकडे मान वळवली. कुणाला तरी दाखवायचं म्हणून ती आपोआप वळली होती.

"काका, खाली बसा," करण ओरडला. "सावली पडतेय तुमची. शिडावर अख्खे तुम्ही आलाय."

"बसलो तर बांबू जाईल," मी म्हणालो.

"राहू दे रे," निकिताचा आवाज आला. "चांगलं दिसतंय. असू देत ते शिडावर."

"लग्नाच्या अल्बमात तुमचा नंबर लागला, आजोबा," अमृत म्हणाला आणि सगळी हसली. मीही हसलो. कापडाच्या अलीकडे ते कुणाला दिसलं नाही.

वारा जसा आला तसाच पडला. कापड लोंबलं, बोट थांबली. सूर्य डोंगरामागे गेला होता आणि तो जाताना मी त्याच्याकडे बघत होतो की बांबूकडे, ते मला सांगता येणार नाही. बन्सीनं इंजिन चालू केलं.

धक्क्यावर उतरल्यावर निकितानं माझा नंबर घेतला आणि लगेच एक फोटो पाठवला. ती दोघं जॅकेटांमुळे फुगलेली, एकमेकांकडे बघणारी. मागे केशरी झालेलं शीड, आणि त्यावर बांबूला धरून उभ्या असलेल्या एका पोक काढलेल्या माणसाची काळी सावली. मी तो इंदूला पाठवला. बोलेरो निघून गेली. रेंज धक्क्याच्या टोकालाच होती, म्हणून मी तिथेच उभा राहिलो.

थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

"अहो, ती मागची सावली तुमची ना? पोक तुमचंच आहे. आणि मफलर नाहीये गळ्यात."

"पिशवीत आहे. अर्णवचा ताप?"

"उतरला दुपारी. आता कार्टून बघतोय." मागे कसला तरी आवाज येत होता. "जेवलात का?"

"इंदू, तू घरी ये."

"का? बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग?"

"मला तू घरी हवी आहेस. म्हणून विचारतोय."

मला वाटलं रेंज गेली. मी फोन कानापासून काढून पाहिला, तर सेकंद चालू होते.

"मला वाटायचं, तुम्हाला तसंच आवडतं," ती म्हणाली. "पुस्तकं असली की तुम्हाला माणूस लागत नाही. इथं आला होतात तेव्हाही किती घाईनं गेलात."

"लागतं."

"हे इतक्या वर्षांनी सांगताय?"

"हो."

पलीकडे ती खुर्ची सरकवून उठली, एक दार लागलं, आणि कार्टूनचा आवाज कमी झाला. ती दुसऱ्या खोलीत गेली होती, पण फोन घेऊन.

"अहो, मला यायचं आहे. नाही असं नाही. पण निवेदिताला मी कसं सांगू? मी गेले तर तिचं सगळं अडतं. माझ्या तोंडून नाही निघणार ते."

"मग?"

"तुम्ही सांगा तिला. तुम्ही बाप आहात. तुमचं ऐकून ती काय म्हणते बघू."

"मी?"

"तुम्हीच. इतक्यात घरी येईल ती, आजच फोन करा. नाही तर उद्या तुम्ही पुन्हा विचार करत बसाल." मग म्हणाली, "मफलर घाला आधी."

मी मफलर घातला. बन्सीनं शिडाचं कापड सोडून घेतलं होतं. राहुरीची मंडळी ते विसरून गेली होती. दोन टोकं धरायला कुणी नव्हतं म्हणून तो एकटाच ते जमिनीवर अंथरून दुमडत होता. मी जाऊन दुसरं टोक धरलं असतं, पण तिथे रेंज नव्हती.

निवेदिताला काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागलो. तिच्या नोकरीपासून सुरुवात करावी, मग पाळणाघराचं. मग मी ते सगळं सोडून दिलं आणि नंबर लावला. एकदा पूर्ण रिंग वाजली. तिनं उचलला नाही. बहुतेक गाडी चालवत असेल.

पाण्यावरचा उजेड गेला होता. भेळवाल्यानं गाडी आवरली. लॉजवर दोघांचं जेवण सांगितलेलं होतं, ते निवत असणार. मी तिथून हललो नाही. पुन्हा नंबर लावला आणि फोन कानाला धरून उभा राहिलो.